गिअर धरून ठेवायचा तो कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात आम्ही आंबोली घाट उतरून सावंतवाडीला चाललो होतो. गाडी भाच्याची. दुसऱ्या हातची, पण त्याला नवी. तिला क्लच नव्हता. कोल्हापूरहून निघाल्यापासून भाचा खुशीत होता. ''मामा, या गाडीत डाव्या पायाला सुट्टी. कांडी 'डी'वर ठेवायची आणि विसरून जायचं. गिअर तिचे ती बदलते.''

आंबोलीच्या धबधब्यापाशी थांबून भाजलेली कणसं खाल्ली आणि पुढे उतरायला लागलो. पाऊस, धुकं, वळणामागून वळण. पाच-सात किलोमीटर गेल्यावर गाडीत जळका वास येऊ लागला. रबराचा म्हणावा तर तसा नव्हता. भाचा आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, ''मामा, ब्रेकवर पाय नेहमीपेक्षा खोल जातोय.'' रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांवर पावसाचे थेंब पडत होते आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे चर्र करून उडून जात होते.

आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. तेवढ्या वेळात एसटीच्या दोन गाड्या आमच्या शेजारून खाली गेल्या. दोन्ही भरलेल्या. दोन्हींचं इंजिन मोठ्यानं घुमत होतं, जणू चढ चढत असावं. एरवी हा आवाज आपण घाटात इतक्यांदा ऐकतो की, उतरणारी गाडी असा आवाज का करते, हा प्रश्नही पडत नाही. त्या दिवशी पडला. आमची गाडी मात्र अगदी गुपचूप उतरत होती. तिचं इंजिन जवळजवळ झोपलेलं होतं आणि सगळं काम ब्रेकच्या गळ्यात पडलं होतं.

भाच्याच्या गिअरच्या कांडीशेजारी 'डी'च्या खाली '२' आणि 'एल' अशा आणखी दोन खुणा होत्या. ''या कशाला?'' मी विचारलं. ''त्यांना हात लावायचा नाही, असं गाडी विकणाऱ्यानं सांगितलंय,'' तो म्हणाला.

अशी सांगी अनेकांनी ऐकलेली असते. पूर्वी आपल्याकडे क्लच नसलेल्या गाड्या विरळा होत्या. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, आणि साध्याच गिअरपेटीला यंत्राचा हात जोडून केलेली स्वयंचलित गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आता अशा गाड्या तालुक्याच्या गावीही दिसतात. कांडीवरच्या त्या जास्तीच्या खुणा बहुतेकांनी कधी वापरलेल्या नसतात. त्या का ठेवल्या आहेत हे समजून घेताना आठवी-नववीच्या विज्ञानातल्या बऱ्याच गोष्टी हाताशी लागतात, म्हणून हा लेख.

ब्रेकला किती उष्णता झेलावी लागते?

आधी थोडा हिशेब करू. फळ्यावर करण्यासारखा आहे. आकडे गोल घेऊ.

समजा गाडी, माणसं आणि सामान मिळून १२०० किलोग्रॅम. रस्ता दर शंभर मीटरला सहा मीटर उतरतो. असा उतार सलग दहा किलोमीटर आहे, म्हणजे एकूण उतरण ६०० मीटर. गाडी ताशी ४० किलोमीटर या एकाच वेगानं उतरते. वेग बदलत नाही, म्हणजे गतिज ऊर्जा तेवढीच राहते. मग उंचीवर असताना गाडीत साठलेली स्थितिज ऊर्जा जाते कुठे?

ती ऊर्जा आहे १२०० × ९.८ × ६००, म्हणजे सुमारे ७० लाख ज्यूल. एक लीटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला सव्वातीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे वीसबावीस लीटर पाण्याला उकळी आणील एवढी उष्णता घाट उतरताना कुठेतरी बाहेर पडतेच. प्रश्न इतकाच की ती कुठे बाहेर पडावी.

हेच आपण बलाच्या भाषेत मांडू. गुरुत्वाकर्षण गाडीला उताराच्या दिशेनं सुमारे ७०५ न्यूटन बलानं ओढतं. टायरांचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून १९५ न्यूटनच्या आसपास बल उलट दिशेनं लागतं. उरले ५१० न्यूटन. हे ५१० न्यूटन ब्रेक आणि इंजिन यांनी वाटून घ्यायचे आहेत.

इंजिन वाटा कसा उचलतं? अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन गाडीला ओढत नाही. उलट चाकं इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन फिरायला कुरकुर करतं. बेताच्या आकाराचं, म्हणजे तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन नुसतं फिरवत ठेवायला साधारण २० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो. हा पीळ चाकापर्यंत पोचताना गिअरमुळे वाढतो. चार गिअरच्या नमुनेदार गाडीत चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे पहिल्या गिअरमध्ये ११ च्या वर, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात पावणेतीन असे काहीसे असतात. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला, तर त्रिज्या जवळजवळ २९ सेंटिमीटर येते. तेव्हा चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा विरोध रस्त्यावर १९६ न्यूटन आणि दुसऱ्या गिअरमध्ये ४२० न्यूटन पडतो.

म्हणजे चौथ्या गिअरमध्ये ब्रेकना ३१४ न्यूटन उचलावे लागतात आणि दुसऱ्यात फक्त ९०. दहा किलोमीटरमध्ये ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता पहिल्या प्रसंगी एकतीस लाख ज्यूलच्या वर आणि दुसऱ्या प्रसंगी नऊ लाख ज्यूल. चारही चाकांच्या तबकड्या आणि ढोल मिळून २० किलो बीड धरलं आणि वाटेत काहीच उष्णता हवेत गेली नाही असं मानलं, तर पहिल्या प्रसंगी त्याचं तापमान ३४० अंशांनी वाढेल, दुसऱ्या प्रसंगी शंभरेक अंशांनी. प्रत्यक्षात वारा बराच गारवा देतो. पण पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे तेच अधिक तापतात. आकडा ढोबळ आहे, पण फरक खरा आहे.

ब्रेक तापले तर बिघडतं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांचं साहित्य फार तापलं की त्याची पकड घटते. तोच तो जळका वास. दुसरी जास्त धोक्याची. पायाचा जोर चाकापर्यंत नळीतल्या द्रवामार्फत पोचतो. द्रव दाबला जात नाही, हे पास्कलच्या नियमाच्या धड्यात आपण शिकवतोच. हा ब्रेकचा द्रव हवेतलं बाष्प शोषतो. सर्रास वापरात असलेल्या 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषलेल्या जुन्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. चाकापाशी द्रवाला उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दाबली जाते! पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो आणि पायपट्टी खाली जाऊन बसते. भाच्याचा पाय खोल जात होता, त्याचा अर्थ आम्ही त्या वाटेवर निघालो होतो.

दोन तेलांची रस्सीखेच

आता मूळ प्रश्न. एसटीचा चालक स्वतः खालचा गिअर टाकतो. गाडी स्वयंचलित असेल तर तिनंच तो का टाकू नये? इतकी हुशार आहे ना ती?

तिची हुशारी कशी असते ते पाहू. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' ही गिअरपेटी दिली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ती पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी. तेव्हापासून पुढे कित्येक दशकं गिअर बदलायचा निर्णय तेलाचा दाबच घेत असे. पेटीत एक छोटी सरकती झडप असते. तिच्या एका टोकाला जे तेल असतं, त्याचा दाब गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. दुसऱ्या टोकाच्या तेलाचा दाब अॅक्सिलरेटर किती दाबला आहे त्याप्रमाणे वाढतो. ही एक रस्सीखेचच. वेगाची बाजू जिंकली की झडप सरकते आणि वरचा गिअर पडतो. पायाची बाजू जिंकली की खालचा.

सपाट रस्त्यावर ही युक्ती छान चालते. चालकानं पाय जोरात दाबला, म्हणजे त्याला ताकद हवी आहे. खालचा गिअर ठेवा. वेग आला आणि पाय सैल झाला, म्हणजे आता नुसतं चालत राहायचं आहे. वरचा गिअर टाका, इंजिन सावकाश फिरू द्या, पेट्रोल वाचवा.

उतारावर काय होतं बघा. वेग वाढतो आहे आणि पाय अॅक्सिलरेटरवर नाहीच. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर सोडूनच दिला! पेटी सर्वांत वरचा गिअर टाकून मोकळी होते. नेमका जिथे दुसरा गिअर हवा, तिथे ती चौथा टाकते. यात तिची चूक नाही. रस्ता उतरतो आहे हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. तिला दोनच गोष्टी कळतात, चाकांचा वेग आणि चालकाचा पाय. समोरचं वळण, धुकं, खाली दिसणारी दरी हे सारं चालकाला दिसतं, तिला नाही.

आता तेलाच्या जागी संगणक आला, तरी बराच काळ त्याच्याकडे माहिती हीच दोन होती. पुढे काही कंपन्यांनी त्याला उतार ओळखायला शिकवलं. होंडानं १९९० च्या दशकात अशी सोय आणली. पाय उचललेला असूनही वेग वाढतो आहे, त्या अर्थी गाडी उतारावर आहे, असा तर्क तो संगणक करतो आणि तिसरा गिअर धरून ठेवतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत असं काहीतरी असतं. तरीही पुढे वळण आहे की सरळ रस्ता, हे साध्या संगणकाला कळत नाही.

म्हणून कांडीवर '२' आणि 'एल' या खुणा ठेवलेल्या असतात. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमांत तर तसं बंधनच आहे. पुढे जाण्याचे एकाहून अधिक गिअर असतील तर कांडीची एक जागा अशी हवी की, ताशी ४० किलोमीटरच्या आत सर्वांत वरच्या गिअरपेक्षा इंजिनाचा रोध तिथे जास्त मिळेल. म्हणजे ही खूण शोभेसाठी नाही आणि फक्त कारागिरासाठीही नाही.

सायकलचा फ्रीव्हील आणि तीनचाकी

इथे एक बारीक गंमत आहे, आणि ती मुलांना फार पटकन समजते.

सायकल उतारावर सोडली की पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. मागून कटकट आवाज येतो. तो फ्रीव्हीलचा. फ्रीव्हील चाकाला पायडलकडून जोर घेऊ देतो, पण चाकाला पायडल फिरवू देत नाही. लहान मुलांच्या तीनचाकीला फ्रीव्हील नसतो. तिचं पायडल पुढच्या चाकालाच घट्ट बसवलेलं असतं. ती उतारावर सोडली तर पायडल गरागरा फिरतं, आणि पायांनी विरोध करून मूल गाडी आवरू शकतं. इंजिनाचा रोध म्हणजे हेच! शाळेच्या आवारात थोडा उतार असेल तर बालवाडीची तीनचाकी आणून जरूर दाखवा. मोठी मुलंही हट्टानं बसतात, तेवढं सांभाळा.

जुन्या धर्तीच्या अनेक स्वयंचलित पेट्यांत पहिल्या गिअरसाठी असाच एक फ्रीव्हील बसवलेला असतो. कांडी 'डी'वर असताना पहिला गिअर या फ्रीव्हीलच्या आधारानं चालतो. गिअर बदलताना धक्का बसू नये म्हणून ती योजना. पण मग अशा वेळी चाकं इंजिनाला फिरवू शकत नाहीत, म्हणजे इंजिनाचा रोध शून्य. कांडी 'एल'वर आणली की पेटीत आणखी एक पट्टा आवळला जातो आणि फ्रीव्हील निकामी होतो. सायकलची तीनचाकी होते. म्हणजे 'डी'मधला पहिला गिअर आणि 'एल'मधला पहिला गिअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दातांचं प्रमाण तेच, पण एक फक्त ओढू शकतो आणि दुसरा ओढू शकतो नि आवरूही शकतो.

इंजिन विरोध का करतं?

पुष्कळ पुस्तकांत याचं उत्तर एका वाक्यात असतं: दट्ट्याला हवा दाबावी लागते म्हणून. हे उत्तर अपुरं आहे, आणि ते का अपुरं आहे हे दहा रुपयांच्या सिरिंजवर दाखवता येतं. सुई काढून टाकलेली मोठी सिरिंज घ्या.

दट्ट्या अर्ध्यावर ठेवा, तोटी बोटानं बंद करा आणि दट्ट्या आत दाबा. जोर लागतो. आता दट्ट्या सोडून द्या, बोट तसंच ठेवून. दट्ट्या परत येतो. हवेनं स्प्रिंगसारखी ऊर्जा परत केली. इंजिनातही तसंच होतं. दाबलेली हवा पुढच्या धावेत दट्ट्याला ढकलून घेतलेलं बरंचसं परत देते. तेव्हा नुसत्या दाबण्यानं गाडी अडत नाही.

आता तोटी बंद ठेवून दट्ट्या बाहेर ओढा. पुन्हा जोर लागतो. आत विरळ हवा आहे, बाहेरून वातावरणाचा दाब. हात सोडला तर दट्ट्या झटकन आत जाईल, म्हणजे इथेही ऊर्जा परत मिळेल. पण हात सोडू नका; ओढलेल्या स्थितीतच तोटीवरचं बोट काढा. 'फस्स' असा आवाज होऊन हवा आत शिरेल. आता दट्ट्या सोडा. तो जागचा हलत नाही. तुम्ही खर्च केलेली ऊर्जा गेली ती गेली. आत घुसणाऱ्या हवेच्या खळबळीत तिची उष्णता झाली.

पेट्रोल इंजिनात अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवा आत येण्याची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये विरळ हवा होते, सिरिंज ओढण्यासारखंच. मग झडपा बंद असताना दट्ट्या एकदा वर जाऊन खाली येतो, त्यात देणंघेणं जवळपास फिटतं. त्यानंतर धूर बाहेर जाण्याची झडप उघडते, बाहेरची हवा आत घुसते. बोट काढलं! पुढे ती सगळी हवा दट्ट्याला वातावरणाच्या पूर्ण दाबाविरुद्ध बाहेर ढकलावी लागते. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा हे घडतं. यात दट्ट्यांचं, धाव्यांचं आणि तेलाचं घर्षण मिळवा. वर घेतलेले २० न्यूटन-मीटर असे जमतात. ही उष्णता मग इंजिनाच्या पाण्यातून, तेलातून आणि धुराच्या नळीतून बाहेर पडते. उष्णता बाहेर टाकण्याची सोय इंजिनाला मुळातच आहे, ब्रेकला तेवढी नाही.

डिझेल इंजिनात हवेची वाट बंद करणारं झाकण बहुधा नसतं. त्यामुळे ही विरळ हवा तिथे मिळत नाही आणि जड मालट्रकांना उतारावर वेगळा उपाय करावा लागतो. अमेरिकेत डिझेल इंजिनांचे प्रसिद्ध निर्माते क्लेसी कमिन्स १९३१ साली एक मालट्रक घेऊन कॅलिफोर्नियातली कॅहोन खिंड उतरत होते. ब्रेक दाद देईनात आणि खाली रेल्वेच्या फाटकातून मालगाडी चाललेली. थोडक्यात टळलं. तो प्रसंग त्यांच्या मनात राहिला. पुढे म्हातारपणी त्यांनी युक्ती काढली ती अशी: इंधन बंद करायचं, दट्ट्यानं हवा पुरती दाबली की त्याच क्षणी धुराची झडप उघडायची. दाबलेली हवा फुकट सोडून द्यायची, तिला परतफेड करूच द्यायची नाही. सिरिंज दाबून मग बोट काढण्यासारखंच हे. जेकब्स कंपनीनं १९६१ साली हा ब्रेक बाजारात आणला.

खुणांचे अर्थ

आता व्यवहाराकडे. इथे घोटाळा पुष्कळ आहे, कारण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी.

कांडी '२'वर ठेवणं याचे दोन अर्थ होतात. काही गाड्यांत तो अर्थ 'दुसऱ्याच्या वर जाऊ नकोस' असा असतो. गाडी सुटते पहिल्यातच, दुसऱ्यात जाते आणि तिथे थांबते. काही गाड्यांत मात्र तो 'दुसराच धर' असा असतो. नव्वदीच्या दशकातल्या होंडाच्या अनेक गाड्या '२'वर ठेवल्या की सुटतानाही दुसऱ्यातच सुटत. हा दुसरा प्रकार चिखलात किंवा बर्फात कामाचा. पहिल्या गिअरमध्ये चाकावर येणारा पीळ दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असतो; निसरड्यावर तो जास्तीचा पीळ चाक जागच्या जागी फिरवतो, गाडी पुढे नेत नाही. काही जपानी गाड्यांत याच कामासाठी कांडीवर 'होल्ड' असं लिहिलेलं बटण असे. आपली गाडी कोणत्या जातीची, हे तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेतच पाहायला हवं.

'ओ/डी ऑफ' असं बटण असेल तर ते फक्त सर्वांत वरचा गिअर बंद करतं. तीव्र घाटाला ते बहुधा पुरत नाही, लांबच्या मंद उतारावर पुरतं. 'एम' आणि शेजारी अधिक-उणेच्या खुणा असतील तर कांडी ढकलून आपणच गिअर निवडायचा. सेलेरिओसारख्या गाड्यांत हीच सोय असते. वेग फार कमी झाला तर इंजिन बंद पडू नये म्हणून ती गाडी आपण न सांगताही खालचा गिअर टाकते, आणि भलत्या वेगात खालचा गिअर मागितला तर बहुधा नकार देते. टोयोटाच्या संकरित गाड्यांत 'बी' असतं, तेही इंजिनाच्या रोधासाठीच.

आणि हल्लीच्या गाड्यांतलं 'ऑटो होल्ड' हे बटण? त्याचा गिअरशी काही संबंध नाही. सिग्नलला थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवायचं काम ते करतं. घाट उतरताना ते दाबून काही उपयोग नाही. शब्द एक आणि काम दुसरं, असं झाल्यानं भलेभले फसतात.

चढावर धरलेला गिअर वेगळ्या कारणानं उपयोगी पडतो. वळण आलं की आपण पाय उचलतो. पेटीला वाटतं ताकद नको, ती वरचा गिअर टाकते. वळण संपलं की पाय दाबतो. इंजिन धापा टाकतं, मग पेटी पुन्हा खालचा टाकते. दर वळणाला ही उलाढाल. प्रवाशांना मळमळतं आणि पेटीतलं तेल तापतं, कारण प्रत्येक बदलात आतले क्लच क्षणभर घासतात. दुसरा किंवा तिसरा धरून ठेवला की हा खेळ थांबतो. ज्या गिअरनं घाट चढतो, त्याच गिअरनं उतरावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा दोन्ही बाजूंनी खरा ठरतो.

न्यूट्रलचा लोभ

उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडंफार तथ्य होतं. इंधन फवारणाऱ्या आजच्या इंजिनात उलटंच आहे. गाडी गिअरमध्ये असताना, पाय उचललेला असताना आणि इंजिन पुरेशा वेगानं फिरत असताना संगणक इंधनाचा फवारा पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, मग इंधन कशाला? न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये घुमत उतरणारी गाडी न्यूट्रलमध्ये गुपचूप उतरणाऱ्या गाडीपेक्षा कमी पेट्रोल खाते, वर ब्रेकही वाचवते. इंजिनाच्या आवाजाला घाबरण्याचंही कारण नाही. वरच्या हिशेबातली गाडी ताशी ४० किलोमीटरला दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर इंजिनाचे मिनिटाला सव्वादोन हजारांच्या आतबाहेर फेरे होतात. इंजिनाला ते काहीच नाही.

मात्र दोन पथ्यं. उतार सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना गिअर धरावा. वेग वाढल्यावर धरायचा असेल तर आधी पायानं ब्रेक लावून वेग कमी करावा. ओल्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर पडला तर इंजिनाचा सगळा रोध फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर येतो आणि ती घसरू शकतात. दुसरं, इंजिनाच्या रोधानं वेग कमी होताना मागचा तांबडा दिवा लागत नाही. मागच्या गाडीला कळावं म्हणून ब्रेकवर मधूनमधून हलकासा पाय ठेवावा.

आम्ही त्या दिवशी ब्रेक निवल्यावर कांडी '२'वर ओढली आणि निघालो. इंजिन घुमायला लागलं तसा भाचा दचकला, पण दोन वळणांनंतर सावरला. दाणोलीपर्यंत त्यानं ब्रेक वळणांपुरताच वापरला असेल. खाली चहाला थांबल्यावर त्याचा पहिला प्रश्न असा होता, ''मामा, मग विजेच्या गाडीला गिअरच नसतो, ती घाट कसा उतरते?''

विजेच्या गाडीत उतारावर मोटर जनित्र होते आणि उताराची ऊर्जा बॅटरीत जाते. वरच्या हिशेबात ब्रेक आणि इंजिन मिळून एक्कावन्न लाख ज्यूल उष्णता करून टाकत होते. ते सगळे साठवता आले असते तर जवळजवळ दीड युनिट वीज झाली असती. सगळी हाती लागत नाही, पण बरीच लागते. पण एखाद्यानं आंबोलीतच बॅटरी काठोकाठ भरून घेतली आणि लगेच घाट उतरायला लागला, तर? भरलेल्या बॅटरीत आणखी वीज शिरत नाही. मग मोटरचा रोध घटतो आणि ओझं पुन्हा तबकड्यांवर येतं. अशा गाडीवाल्यानं बॅटरी किती रिकामी ठेवून घाटमाथा सोडावा, याचा हिशेब वरच्याच आकड्यांवरून मुलांना करायला सांगता येईल.